जुनी तबकडी की नवी छपाई? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात रेकॉर्डसंग्रहाविषयी प्रश्न मागवले होते. नागपुरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत एक विचारणा पुन्हा पुन्हा येते : दुर्मीळ रेकॉर्डमागे पैसे घालावेत, की तेच संगीत स्वस्तात नव्याने छापून मिळतं ते घ्यावं? म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी अमेरिकन प्रत मला वीस हजारांना मिळते आहे. नवी छपाई अडीच-तीन हजारांत येते. आवाजात एवढा फरक असतो का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : जुनी प्रत कोऱ्यासारखी असेल तर फरक असतो, आणि तो ऐकू येतो. पहिल्या छपाईच्या वेळी मूळ टेप ताजी होती, साचेही नवे होते. पण साठ वर्षांत ती रेकॉर्ड कोणकोणत्या प्लेअरवर वाजली असेल ते बघा. त्या काळच्या कित्येक प्लेअरांत सुईचा भार पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त असे. असा भार आणि वर झिजलेली सुई, म्हणजे खाचेच्या भिंतींवरचे सूक्ष्म चढउतार घासून जातात. सर्वांत आधी जातात ते वरचे स्वर : झांजेची किणकिण, ड्रमवरच्या ब्रशची सळसळ. धूळ धुता येते, झीज धुता येत नाही. 'दिसायला छान आहे' आणि 'वाजायला छान आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस हजार देण्याआधी पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पूर्ण ऐकवायला सांगा. रेकॉर्डच्या आतल्या भागात खाचेची लांबी कमी पडते, त्यामुळे झीज तिथेच आधी उघडी पडते.

तुम्ही विचारलेल्या रेकॉर्डची आणखी एक गंमत आहे. १९५९ सालच्या त्या ध्वनिमुद्रणात एका सत्राच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ छपाईत थोडी चढ्या स्वरात वाजतात. ही चूक १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्याला ती ताबडतोब कळते. म्हणजे इथे सुरांच्या बाबतीत दुरुस्त केलेली नवी छपाईच बरोबर आहे, आणि जुनी प्रत ऐतिहासिक वस्तू म्हणून घ्यायची.

मात्र 'नवी छपाई' हा एकच प्रकार नाही. युरोपात १९६३ पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क संपलेला आहे. त्यामुळे तिथल्या बऱ्याच छोट्या कंपन्या पन्नासच्या दशकातलं जॅझ मूळ टेपला हात न लावता, सीडीवरून उतरवून छापतात. कायद्याने त्यात खोट नाही. पण मग सीडी थेट ऐकलेली काय वाईट? घेण्याआधी कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मूळ ॲनालॉग टेपचा उल्लेख आहे का, मास्टरिंग (छपाईआधी आवाजावर होणारं अखेरचं काम) कोणी केलं त्याचं नाव आहे का, छपाई कुठल्या कारखान्यात झाली? हे तिन्ही लिहिलेलं असेल तर सहसा काम नीट झालेलं असतं. ब्लू नोट या जॅझ कंपनीची 'क्लासिक व्हायनल' मालिका याचं चांगलं उदाहरण आहे. तिचं मास्टरिंग केव्हिन ग्रे यांचं आहे, शक्य तिथे थेट मूळ टेपवरून, आणि किंमत त्याच कंपनीच्या 'टोन पोएट' मालिकेपेक्षा कमी. ऐंशीच्या दशकात निघालेल्या 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स'च्या वापरलेल्या प्रती दिसल्या तर सोडू नका. त्या साध्या पातळ असतात, पण बहुतेक छान वाजतात.

'१८० ग्रॅम' या चिठ्ठीसाठी जास्त पैसे मोजू नका. जाड रेकॉर्ड कमी वाकते, एवढाच तिचा फायदा. आवाज ठरतो तो मास्टरिंगमध्ये आणि साच्यात.

प्रश्न : जुन्या बाजारात हिंदी चित्रपटांचे आणि शास्त्रीय गायनाचे एलपी (मोठ्या लाँग-प्ले रेकॉर्ड) दिसतात. विक्रेता प्रत्येक रेकॉर्ड 'ओरिजिनल' म्हणतो. ओळखायचं कसं?
– एक वाचक, महाल

उत्तर : कव्हरवरचा पत्ता वाचा. भारतीय रेकॉर्डचं वय ठरवायला यापेक्षा सोपं साधन नाही.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते कव्हर १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेलं आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. १९६५च्या चित्रपटाच्या एलपीवर पिनकोड दिसला, की ती पहिली छपाई नाही हे नक्की. 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' असेल तर १९९५ नंतरची. 'कलकत्ता'ऐवजी 'कोलकाता' असेल तर २००१ किंवा पुढची. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं, म्हणजे एचएमव्हीवाल्यांचं, नाव २००० साली 'सारेगामा' झालं, म्हणून ते नाव छापलेली कुठलीही जुनी रेकॉर्ड रीइश्यूच, म्हणजे पुन्हा छापलेली. बारकोड असेल तर वेगळं सांगायला नको.

हे झालं कव्हरचं. पण कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसरीच, असं फार होतं. म्हणून क्रमांक तीन ठिकाणी ताडून पाहा : कव्हरवर, मधल्या कागदी लेबलवर आणि लेबलाजवळच्या कोऱ्या गुळगुळीत पट्ट्यात. त्या पट्ट्यात साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, तो तिरप्या उजेडात दिसतो. तो कव्हरवरच्या क्रमांकाहून वेगळा असू शकतो, अशा वेळी लेबलवर छापलेल्या साच्याच्या क्रमांकाशी ताडा. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींवर 'ईएएलपी' असेल तर मोनो, 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ. एकाच गायनाच्या दोन्ही प्रती निघालेल्या असू शकतात आणि संग्राहक त्यांची किंमत वेगवेगळी करतात.

अलीकडे रंगीत झेरॉक्स काढलेली कव्हरंही फिरतात. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहा. मूळ छपाईत काळी अक्षरं सलग, धारदार असतात. नकलेत ती रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात.

आणि दुकानातली श्रेणी? 'व्हीजी प्लस' म्हणजे वरवरच्या बारीक रेघा, ज्या आवाजात जवळपास येत नाहीत. आपल्याकडे हा शब्द फार सैल वापरला जातो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून स्वतः पाहा. केसासारख्या रेघा चालतील. नखाला लागणारी रेघ प्रत्येक फेरीला 'टक्' करणार. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढुरक्या ओरखड्यांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड शेकडो वेळा चढवली-उतरवली गेली आहे. विक्रेता काहीही म्हणो, हे जाळं खोटं बोलत नाही.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड टिकतात का? आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, आणि एप्रिल ते जून खोलीत कूलर चालतो.
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : टिकतात, पण जागा विचारपूर्वक निवडावी लागते. व्हायनल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. बाहेर ४५ अंश असताना घरातल्या सावलीत तेवढं तापमान होत नाही, त्यामुळे भीती हवेची नाही. भीती आहे ती उन्हात उभ्या कारची, काचेच्या खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हाची आणि स्लॅबखालच्या माळ्याची. बाजारातून रेकॉर्ड घेतली आणि गाडीत ठेवून जेवायला गेलात, की परत येईपर्यंत तिची थाळी झालेली असेल.

जागा आतल्या भिंतीची घ्या. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, ती टाळा. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा. आडव्या गठ्ठ्यात खालच्या रेकॉर्डवर वरचा सगळा भार येतो आणि गरमीत त्या वाकतात. उभ्या ठेवतानाही तिरप्या कलू देऊ नका. दर ३५-४० सेंटिमीटरला उभा कप्पा हवा. कव्हरसह शंभर एलपींचं वजन २०-२५ किलो भरतं, त्यामुळे पातळ पार्टिकल बोर्डाचं कपाट खचतं. १८ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या.

कूलरचं म्हणाल, तर नागपुरात रेकॉर्डच्या कव्हरांचा खरा शत्रू तोच. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी कूलरच्या खोलीत, विशेषतः खिडक्या बंद असतील तर, पावसाळ्यासारखा दमटपणा साचतो. कपाट कूलरच्या झोतात नको, आणि शक्य असेल तर त्या खोलीतच नको. नाहीच जमलं तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. बुरशी आधी कव्हरच्या पुठ्ठ्याला आणि आतल्या कागदाला धरते, मग बोटांच्या ठशांवरून रेकॉर्डवर पसरते.

बाहेरचं आवरण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. जाड, चिकट, वासाचं पीव्हीसी नको. गरमीत त्यातलं तेलकट द्रव्य सुटतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं, ते निघत नाहीत. डांबरगोळ्याही कपाटात नकोत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या वेळेवर बदला.

वाकलेली रेकॉर्ड सरळ करायची असेल तर एकच धीराचा उपाय आहे. चौदा इंची दोन जाड सपाट काचा घ्या, मध्ये स्वच्छ रेकॉर्ड कोऱ्या गुळगुळीत कागदात ठेवा, वर पाचेक किलो वजन सारखं पसरून ठेवा आणि आपल्या मे महिन्यातल्या उबदार, पण ऊन न येणाऱ्या खोलीत तीन आठवडे हात लावू नका. काच उन्हात ठेवण्याचा मोह टाळा. खाचा बसल्या की रेकॉर्ड संपली.

प्रश्न : रेकॉर्ड धुवायची योग्य पद्धत कोणती? घरी बोअरचं पाणी आहे.
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार सुकल्यावर खाचेत बसतात आणि सुई त्यांच्यावरूनच घासत जाते. औषधांच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा.

एलपी आणि ४५ वेगाच्या छोट्या रेकॉर्डसाठी ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनरंगी, बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब. दोनच. जास्त घातलात तर साबणाचा थर राहतो आणि पहिल्या वाजवण्यात सुईला पांढरा मळ चिकटतो. तक्रार येते ती बहुतेक यामुळेच. एलपीचं लेबल चार इंचांचं असतं, म्हणून त्याच मापाची रबर लावलेली दोन झाकणं दोन्ही बाजूंनी दाबून धरा. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा, नाहीतर ओली केल्यावर तिचा चिखल होतो. मग मऊ केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल-गोल, तीन-चार फेऱ्या एका बाजूला आणि तितक्याच उलट्या. आडवा हात कधीच नाही. लगेच नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळखळून घ्या, मायक्रोफायबरने टिपा आणि उभी करून पंख्यापासून दूर वाळवा. कोरडी झाल्यावर नव्या आतल्या कव्हरात घाला. जुन्याच मळक्या कागदात परत घातलीत तर सगळी मेहनत वाया.

हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या जुन्या तबकडीला लावू नका. ती लाखेची असते आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. तिच्यासाठी नुसतं डिस्टिल्ड वॉटर, ओलसर कापड, आणि ताबडतोब कोरडं करणं.

प्रश्न : आजोबांच्या नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या जुन्या तबकड्या आहेत, चावीचा ग्रामोफोनही आहे. माझ्या टर्नटेबलवर फक्त ३३ आणि ४५ असे वेग आहेत. ऐकायच्या कशा? आणि त्यांची काही किंमत आहे का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : किंमत पैशांत सांगणं कठीण, पण सांभाळण्याच्या बाबतीत तुमच्या घरातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. गाजलेले एलपी आज ना उद्या पुन्हा छापले जातील. अडीच-तीन मिनिटांच्या, एका बाजूला एक पद असलेल्या कित्येक मराठी तबकड्यांच्या वाट्याला ते भाग्य कधी आलेलंच नाही. 'रानारानांत गेली बाई शीळ' घ्या. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता, गायक जी. एन. जोशी. मराठी भावगीताच्या वाटचालीत या तबकडीचं नाव पहिल्यांत घेतलं जातं, आणि कवी आपल्या विदर्भातला. अशा तबकड्या विदर्भातल्या जुन्या घरांच्या ट्रंकांत अजून असतात. दुर्मीळ संग्रह करायचाच असेल तर आम्ही परदेशी पहिल्या छपाईपेक्षा हे काम निवडू.

चावीच्या ग्रामोफोनवर ऐकायच्या तर एक नियम पाळा : प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई. त्या लाखेत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असते. ती सुईला काही क्षणांत खाचेच्या आकारात घासते. तीच सुई दुसऱ्या बाजूला वापरली की झिजलेल्या कडा खाच खरवडतात. या यंत्राचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. चुकूनही त्यावर एलपी ठेवू नका. एकाच वेळेत ती कायमची जाते.

टर्नटेबलवर वाजवायच्या तर आधी सुई बदला. एलपीच्या सुईचं टोक ०.७ मिल असतं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ला ३ मिल लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, कचऱ्यात घरंगळते. म्हणून लोकांना वाटतं, जुन्या तबकड्यांत खरखरच असते. योग्य सुईने तीच तबकडी ऐका, गाणं पुढे येतं. जुन्या तबकड्या मोनो असल्याने डावी-उजवी वाहिनी एकत्र करा. खाच आडवी हलते, उभ्या हालचालीतला गोंगाट एकत्र केल्यावर आपोआप कटतो.

७८ वेग नसेल तर तबकडी ४५वर वाजवून संगणकावर उतरवा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवा. 'वेग' बदला, 'टेम्पो' नाही, नाहीतर सूर तसाच खाली राहील. आणखी एक अडचण असते : आजचे फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज मोठा करणारी यंत्रं) आरआयएए या १९५४च्या प्रमाणानुसार १० किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल आवाज कमी करतात. जुन्या तबकड्यांना एवढी काटछाट नको असते, म्हणून त्या घुसमटलेल्या वाटतात. उतरवताना आरआयएए बंद करता आलं तर उत्तम. नाहीच तर ती काटछाट वेग बदलण्याआधी संगणकावर उलटवा. सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वेगाच्या नसतात, तेव्हा पेटी किंवा तानपुरा लावून गायकाची पट्टी पटते का पाहा आणि वेग थोडा खालीवर करा. मूळ उतरवलेली फाइल कधीही पुसू नका. साफसफाई नेहमी तिच्या प्रतीवर करा.

प्रश्न : सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरने रेकॉर्ड खराब होतात का? कॉलेजात आहे, बजेट कमी आहे.
– एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : एका वाजवण्यात नाही, पण होतात. त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) भार पाच-सहा ग्रॅम असतो आणि तो बदलता येत नाही. थोडे पैसे साठवून असा टर्नटेबल घ्या ज्याच्या सुई धरणाऱ्या दांड्यामागे, म्हणजे हातामागे, फिरवता येणारं वजन आहे आणि सुई वेगळी मिळते. तोपर्यंत रेकॉर्ड घेणं थांबवलं तरी चालेल.

आणल्यावर हे करा. सुईचं संरक्षक टोपण काढून वजन फिरवा, हात हवेत आडवा तरंगला पाहिजे. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला भार लावा; ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम. अँटी-स्केटिंगही, म्हणजे हात आत ओढला जाऊ नये यासाठीची खुंटीही, तेवढ्यावरच. भार कमी ठेवून रेकॉर्ड जपली जाते हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आपटते. 'स', 'श' फाटल्यासारखे येत असतील तर बहुतेक हीच चूक असते, नाहीतर कार्ट्रिज वाकडं बसलेलं असतं. कार्ट्रिज सरळ बसवायला मोफत मिळणारा प्रोट्रॅक्टर (मापाचा कागद) छापून घ्या, पण छापताना माप शंभर टक्केच ठेवा आणि फूटपट्टीने पडताळा.

वेग तपासायला आपल्या विजेच्या ५० हर्ट्झला जुळणारी स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांचं वर्तुळ, छापा. ३३⅓साठी १८० रेघा असतात. ट्यूबलाइटखाली त्या स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली दिसतीलच असं नाही.

लंबवर्तुळी टोकाची सुई साधारण ३०० तास चालते. रोज एक एलपी, म्हणजे चाळीस मिनिटं, ऐकलीत तर सव्वा वर्ष. सुई लावली ती तारीख प्लेअरच्या खाली पेन्सिलीने लिहून ठेवा.

प्रश्न : कोलकाता-मुंबईहून कुरिअरने मागवलेल्या रेकॉर्डची कव्हरं फाटून येतात. काय करावं?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : विक्रेत्याला पैसे देण्याआधीच लिहून कळवा : रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदासकट, कव्हरच्या मागे ठेवावी. आत राहिली तर खोका आपटला की रेकॉर्डची धार कव्हरची शिवण कापते. दोन्ही बाजूंना कव्हरपेक्षा सेंटिमीटरभर मोठे कोरुगेटेड पुठ्ठे, त्यांच्या रेघा एकमेकींना आडव्या. ७८च्या तबकड्या असतील तर एका खोक्यात पाचपेक्षा जास्त नकोत, प्रत्येकीमध्ये फोम, आणि हा खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात. एप्रिल-मेमध्ये शक्यतो मागवूच नका. मागवलीच, तर पार्सल आल्यावर लगेच उघडू नका. सावलीत चार तास आडवं, वर काही न ठेवता राहू द्या, आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करा, म्हणजे तुटलेली निघाली तर विक्रेत्याशी वाद राहत नाही.